सोनटक्क्याला सोलापुरी चादर

शेवगा पडला तेव्हा आम्हाला आवाजसुद्धा आला नाही. पावसाचाच दणका असा होता की घरातल्या घरात ओरडून बोलावं लागत होतं. १४ ऑक्टोबर २०२०, बुधवार. बंगालच्या उपसागरातला कमी दाब काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढला आणि तेलंगण ओलांडून सरळ आमच्या डोक्यावर आला. एरवी पाऊस आला की सोलापूरकर दारात खुर्ची टाकून कौतुकानं बघत बसतो. त्या रात्री मी खुर्ची आत घेतली, दार लावलं आणि पोरांना म्हटलं, झोपा आता.

सकाळी मागचं दार उघडलं तर बाग दिसेना. शेजारच्या काकांचा शेवगा भिंतीवरून आमच्याकडे आडवा झाला होता. शेवग्याचं लाकूड म्हणजे काकडी, जोरात वारा आला की मोडलंच. त्याच्याखाली आमची हिरवी शेडनेट, तिच्याखाली बांबू आणि बांबूंखाली माझी दीड वर्षाची हौस. वाफ्यात घोट्याच्या वर पाणी. त्या गढूळ पाण्यावर सोनटक्क्याची पांढरी फुलं तरंगत होती आणि वास मात्र नेहमीसारखा येत होता. बायको दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "चहा घेऊन मग बघा."

ही हौस कसली ते आधी सांगतो. आलं, हळद, वेलची ही एका घराण्यातली झाडं. याच घराण्यात केवळ फुलांसाठी लावावी अशीही बरीच मंडळी आहेत. सोनटक्का आपल्या ओळखीचा. रानात पावसाळ्यात दिसणारा पेव त्यांचा जवळचा नातलग, शास्त्रज्ञांनी त्याचं बिऱ्हाड आता वेगळं केलंय. भुईचाफा आहे. थायलंड-कंबोडियाकडची गुलाबी सियाम ट्युलिप आहे, तिचं नाव ट्युलिप पण जात हळदीची. लाल तुऱ्याची रेड जिंजर आहे, पिवळ्या पट्ट्यांच्या पानांची शेल जिंजर आहे. यातल्या बहुतेकांना सावली, ओल आणि भुसभुशीत जमीन लागते. सोलापुरात यातलं काय आहे? काळी चिकट माती, बोअरचं जड पाणी, मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं ऊन, आणि नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. माझा टॉवेल-चादरींचा छोटा कारखाना आहे, आठ माग. तिथले कामगार मला तोंडावर "मालक" म्हणतात, आणि माझ्या मागे बागेबद्दल काय म्हणतात ते मला माहीत आहे.

२०१९ च्या जूनमध्ये पहिले कंद मागवले होते. ऑनलाइन. कुणाकडून ते सांगत नाही, पण आलेल्या डझनभर कंदांपैकी चार कुजके होते आणि "सियाम ट्युलिप, गुलाबी" असं लिहिलेल्या एका पुडीतून जे उगवलं त्याचं पान चुरगळलं तर कैरीचा वास आला. आंबेहळद! तिचं लोणचं छान झालं, तक्रार नाही. बाकीचे मात्र खरे निघाले. त्या पावसाळ्यात वाफा असा माजला की मला वाटलं, आपल्याला जमलं.

मग डिसेंबर आला.

आधी सियाम ट्युलिपची खालची पानं पिवळी पडली, मग पेवची, मग सोनटक्क्याचे शेंडे करपायला लागले. आमच्या भागात पानं पिवळी दिसली की पहिला संशय लोहावर जातो. जमिनीत चुनखडी जास्त, त्यामुळे लोह असूनही झाडाला मिळत नाही. म्हणून मी हिराकस, म्हणजे लोहाचं खत, आणून फवारलं. फरक पडला नाही, तेव्हा थंडी बाधली म्हणून पाणी वाढवलं. एक दिवसाआड होतं ते रोज केलं, तेही सकाळी कोमट करून. हसू नका, खरंच केलं. जानेवारीत सियाम ट्युलिपचा एक वाळका दांडा धरला तर तो हातात सरळ निघून आला, लोण्यातून सुरी निघावी तसा. बुडाला पाणीदार, तपकिरी आणि वास गटारीचा. एकामागून एक सगळे तसेच. फक्त एका कुंडीतले वाचले, कारण ती कुंडी जिन्याखाली गेली होती आणि मी तिला विसरलो होतो.

हे मी आमच्या मामांना सांगितलं. मामा मिरज तालुक्यातले, चाळीस वर्षं हळद करतात. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आरं, झोपल्या माणसाला उठवून जेवाय घालतोस व्हय?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. हळदीचा पाला पिवळा पडून खाली लोळायला लागला की तो आजार नसतो. पानातलं सगळं कंदात उतरलेलं असतं. त्या वेळी शेतकरी पाणी तोडतो. मग पाला कापायचा आणि गड्डे काढायचे. बियाण्याचे गड्डे सावलीला ढीग करून वर हळदीचाच वाळका पाला घालून ठेवायचे, ते अक्षय तृतीयेपर्यंत बिनपाण्याचे पडून असतात. "त्याला डोळं फुटाय लागलं की तोच सांगतो, आता लावा म्हणून." मी म्हटलं, मामा, पण आमच्याकडे थंडी काही तेवढी नसते, मग हे झोपतात कशाला? यावर मामांकडे उत्तर नव्हतं, ते मी नंतर वाचून शोधलं. सियाम ट्युलिपसारख्या झाडांना थंडीपेक्षा दिवसाची लांबी कळते. जूनमध्ये आपल्याकडे दिवस तेरा तासांच्या वर असतो, डिसेंबरात अकराच्या आसपास. दिवस लहान झाला की ती खाली जायची तयारी करतात, मग तुम्ही कोमट पाणी घाला नाहीतर बदामाचं दूध. आणि लोहाची कमतरता वेगळी दिसते. तिच्यात कोवळी, शेंड्याची पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. झोपायला निघालेल्या झाडाची जुनी, खालची पानं आधी जातात आणि शिरांसकट जातात. हा फरक मला त्या डिसेंबरात माहीत असता तर हिराकसचे पैसे आणि ती झाडं वाचली असती.

तर २०२० च्या पावसाळ्यात मी शहाणा होऊन बसलो होतो. वाफा फूटभर उंच केला, काळ्या मातीत मुरूम, पालापाचोळ्याचं खत आणि काथ्याचा भुसा मिसळला. उन्हाळ्यात कुलरमधून गळणारं पाणी सोनटक्क्याकडे वळवलं होतं, पावसाळ्यात पत्र्याचं पाणी पिंपात धरलं. सप्टेंबरात सोनटक्क्याचे तीस-पस्तीस दांडे फुलावर होते. संध्याकाळी सहाच्या सुमाराला कळ्या उमलायला लागायच्या, बायको आणि शेजारच्या अक्का गजऱ्यापुरती फुलं काढून न्यायच्या. आणि या सगळ्यावर शेवगा पडला.

चहा झाल्यावर मामांना व्हिडिओ कॉल लावला. करोनाचे दिवस, त्यांना येणं जमणार नव्हतं. त्यांनी झाडाकडे बघितलंच नाही. "क्यामेरा खाली धर. पाणी किती हाय?" मी दाखवलं. "मग झाड बघत काय बसलायस? चर काढ आधी." दांडे मोडले ते परत येतात, म्हणाले, पण कंद दोन दिवस पाण्यात बसला की कुजलाच. मी आणि कारखान्यातला एक पोरगा, दोघांनी कुदळीनं वाफ्याच्या कडेनं चर काढून मागच्या गल्लीत पाणी सोडलं. काळी माती ओली असताना ती कुदळ सोडत नाही, दर दोन घावांनी बोटांनी खरवडून काढावी लागते. दुपारपर्यंत पाणी उतरलं. पाण्यानं वाफ्याची माती नेली होती, सोनटक्क्याचे कंद बोटांच्या पेरांसारखे उघडे पडले होते. हळदीला भरणी करतात तशी दोन्ही बाजूंनी माती ओढून ते झाकले.

शेवगा काढायला काका स्वतः करवत घेऊन आले. मोठ्या मनानं शेंगाही तोडून दिल्या, त्या आठवडाभर पुरल्या.

आता दांड्यांचं काय करायचं? मला सगळं साफ कापून टाकावंसं वाटत होतं. वादळानंतर बाग इतकी विद्रूप दिसते की कात्री आपोआप हातात येते. मामांनी अडवलं. ऑक्टोबर ते डिसेंबर हेच कंद भरायचे दिवस, पान हिरवं आहे तोवर ते खालच्याला खाऊ घालतंय. म्हणून जे बुडातून तुटले तेवढे काढले. जे वाकले पण तुटले नाहीत ते बांबूला सुतळीनं सैल बांधले. फुलून गेलेले सोनटक्क्याचे दांडे मात्र बुडातून कापले, कारण त्या दांड्याला पुन्हा फूल येत नाही. खरं तर तो दांडाही नव्हे, एकात एक गुंडाळलेली पानांची देठं ती. कापल्यावर आत कांद्यासारखे थर दिसतात.

एक चूक तरीही झालीच. शेल जिंजरचे वाकलेले उंच दांडे मी सोनटक्क्याच्या नियमानं कापून टाकले. मामांना हे झाड माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. शेल जिंजरला फूल येतं ते आदल्या वर्षीच्या दांड्यावर. म्हणजे पुढच्या उन्हाळ्याची सगळी फुलं मी ऑक्टोबरातच कचऱ्याच्या गाडीत घातली. गाडीवरची टेप वाजत होती आणि मी घाईघाईनं भारे बांधून देत होतो, तो प्रसंग अजून आठवतो.

घटस्थापना शनिवारी होती. तोवर आभाळ मोकळं झालं आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं. शेडनेट फाटलेली, दुकानात नवी मिळेना. सावलीत वाढलेल्या पानांवर अचानक ऊन आलं की ती दोन दिवसांत पांढरी पडतात, चुन्याचं बोट ओढल्यासारखी. तेव्हा कारखान्यातला सेकंड माल आठवला. काठ चुकलेले, धागा सुटलेले टर्किश टॉवेल पोत्यात पडून होते. चाळीसभर टॉवेल बांबूंवर सुतळीनं बांधले. गल्लीतली माणसं भिंतीवरून डोकावून विचारायची, एवढे पाहुणे आलेत का? पण सावली झकास झाली. दुपारी टॉवेलवर पाणी मारलं की खाली गारवाही राहायचा. नवी नेट दिवाळीनंतर आली.

टॉवेलनं काम केलं म्हणून माझी भीड चेपली. आणि जानेवारीत मी चादरी काढल्या.

सोलापूरची थंडी गड्ड्याची. सिद्धेश्वराच्या यात्रेला, संक्रांतीच्या आसपास, ती आपली हजेरी लावून जाते. त्या वर्षी करोनामुळे गड्ड्याची नेहमीची गर्दी नव्हती, थंडीनं मात्र नेम चुकवला नाही. अंगणातल्या थर्मामीटरवर पहाटे अकरा. नाशिक-निफाडच्या माणसाला हे हसू येईल. आपल्याकडे दहिवर पडतं, बर्फ नाही. पण रेड जिंजर प्रशांत महासागरातल्या बेटांवरची, तिला झोपायचं असतं हेच माहीत नाही. ती वर्षभर जागी असते आणि बारा-तेराच्या खाली गेलं की पानांच्या कडा तपकिरी करून निषेध नोंदवते. मला वाटलं, एकीला थंडी वाजते तर सगळ्यांनाच वाजत असेल. म्हणून चौकटी नक्षीच्या, रंग उतरलेल्या सहा चादरी थेट झाडांवर टाकल्या. सोनटक्क्याला, शेल जिंजरला, रेड जिंजरला, सगळ्यांना. फोटोही काढला. आख्ख्या देशाला पांघरूण घालणारं गाव आपलं, झाडांना का नाही?

सोलापुरी चादर जाड सुताची असते. रात्रभर दहिवर पिऊन ती अशी जड झाली की सकाळी शेल जिंजरचे नवे दांडे, जे मी कापून उरले होते ते, मधोमध मुडपलेले. त्यात मी उठलो उशिरा. दहापर्यंत चादरी तशाच, वर ऊन आणि खाली वाफ. तीन-चार दिवस असं झाल्यावर पानांवर पाणीदार डाग आले, मग त्यांना पिवळी कड. थंडीनं जे नुकसान महिन्यात केलं नसतं ते मी आठवड्यात करून दाखवलं. उत्सुकता म्हणून थर्मामीटर चादरीखाली ठेवून बघितलं होतं. बाहेर अकरा, आत तेरा. दोन अंशांसाठी हा सगळा खटाटोप.

मग चादरी काढल्या आणि नीट विचार केला. सोनटक्क्याला आमची थंडी काहीच करत नाही, त्याला फक्त कोरडं वारं नको असतं. बुडाशी चार बोटं वाळका पाला घातला आणि आठवड्यातून एकदा हलकं पाणी. त्याचे कंद सियाम ट्युलिपसारखे पार कोरडे ठेवून चालत नाही, सुरकुततात. पेव आणि भुईचाफा वर दिसेनासे झाले होते, त्यांचं पाणी पूर्ण तोडलं. नळीची तोटी त्या बाजूला तारेनं आवळून टाकली, कारण माझ्या हातावर माझाच भरवसा नव्हता.

सियाम ट्युलिप मी काढून ठेवल्या. हे काम मात्र फार सुंदर आहे. माती हळूहळू सरकवत गेलं की आधी अंगठ्याएवढा कंद लागतो. त्याच्याखाली दोऱ्यांना लटकलेले पांढरे गोल गोळे असतात, कानातल्या लोलकांसारखे. ते त्याचे शिदोरीचे डबे, पाणी आणि पिष्ट भरलेले. उपटून काढलं तर कंद हातात येतो आणि डबे मातीत राहतात. मग पुढच्या वर्षी कंद उगवतो, पण उपाशीपोटी, आणि फुलाला हात आखडता घेतो. मी एकेक कंद जुन्या चमच्यानं काढला, तीन दिवस सावलीत सुकवला, कोरड्या वाळूत घालून टॉवेलच्या खोक्यात ठेवला. खोक्यावर स्केचपेननं लिहिलं, "पाणी घालू नये." बायकोनं खाली लिहिलं, "विशेषतः यांनी."

रेड जिंजरच्या दोन कुंड्या कारखान्यात नेल्या. मागांच्या शेडमध्ये रात्रपाळी असते, यंत्रांची ऊब असते, आणि सूत कोरडं पडून तुटू नये म्हणून आम्ही जमिनीवर पाणी मारतो. म्हणजे ऊब आणि दमटपणा दोन्ही फुकट. खिडकीखाली जागाही मिळाली. चार दिवसांनी बघतो तर झाडं म्हातारी झालेली. पानापानावर सुताची बारीक पांढरी लव बसली होती. ओल्या फडक्यानं पुसली की दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी एक कामगार, तेलुगू घरातला, स्वतःहून रोज पाळी संपताना पानं पुसायला लागला. "मालक, हे पण माग आहे, याची पण साफसफाई लागते," म्हणाला. त्याच्यामुळेच एक कुंडी वाचली. दुसरीला पानांखाली लाल कोळी ही कीड लागली, पानं तांबूस होऊन झडली, ती गेली. वाचलेलीनं पुढे उन्हाळ्यात एक लाल तुरा दिला आणि त्या तुऱ्यातल्या लाल पात्यांच्या बेचक्यांतून चक्क छोटी रोपं फुटली. लाल दिसतात ती फुलं नव्हेतच, खरी फुलं त्यांच्या आत बारीक पांढरी असतात. मुळं दिसल्यावर एक रोप त्या कामगाराला दिलं. त्याच्या घरी ते माझ्यापेक्षा बरं आहे.

फेब्रुवारी-मार्चबद्दल सांगण्यासारखं काही नाही. वाफा म्हणजे बहुतेक मोकळी जमीन, भेगा पडलेली. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, इथे काही लावत का नाही?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, उन्हानं डोकं उठलेलं असताना, सकाळी दात घासत मागे गेलो तर भेगेतून जांभळट-पांढरं काहीतरी वर आलेलं. पान नाही, दांडा नाही, सरळ मातीतून फूल. भुईचाफा. त्याची रीतच तशी, आधी फूल आणि पाऊस जवळ आला की पानं. मी ब्रश तोंडात तसाच ठेवून गुडघ्यावर बसलो. ज्या जागी शेवग्याचा बुंधा पडला होता तिथून वीतभर अंतरावर चार फुलं होती. वास मंद, पण खाली वाकलं की येतो. दुपारपर्यंत ती मलूल झाली, दुसऱ्या दिवशी नवी तीन आली.

त्यानंतर वळीव आला, धूळ, वारा आणि करवंदाएवढ्या गारा, आणि नव्या नेटला दोन भोकं पडली. पण खाली तेव्हा फारसं कुणी जागं नव्हतं, त्यामुळे नुकसान जवळपास शून्य. अक्षय तृतीयेच्या सुमाराला खोकं उघडलं. अठरा कंदांतल्या पंधरांना गुलाबी डोळे फुटले होते. पेव जूनमध्ये आला, सोनटक्का जुलैत माझ्या खांद्याला लागला. शेल जिंजरनं त्या वर्षी नुसती पानं दाखवली, बरोबरच होतं तिचं. २०२२ च्या एप्रिलमध्ये पहिला घोस लोंबला, शिंपल्यासारख्या कळ्यांचा, आणि तेव्हापासून तिच्या दांड्यांना कात्री लावायची झाली तर मी आधी मोजतो, हा यंदाचा की गेल्या सालचा.

दरसाल डिसेंबरात अजूनही माझा हात नळीकडे जातो. तोटी तारेनं आवळलेलीच आहे. बायको तांदळाचं धुवण मात्र गुपचूप सोनटक्क्याच्या बुडाशी ओतते, त्याला ते चालतं असं दिसतंय.

शेजारच्या काकांनी त्याच जागी शेवग्याची फांदी पुन्हा खोचली होती. आता ती भिंतीच्या वर दहा फूट गेली आहे आणि आमच्याच बाजूला कलली आहे. मी काही बोललो नाही. शेंगा आमच्याकडे लोंबतात.